नंबर लावणाऱ्या मुलीला कोण शिकवणार?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील सकाळी फिरून आले ते छातीवर हात ठेवूनच. 'पित्त झालंय, रात्री भजी जरा जास्तच झाली,' असे म्हणत त्यांनी सोड्याचे पाणी घेतले, तासभर वाट पाहिली आणि मग कोणाला काही न सांगता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चालत गेले. दवाखाना ओळखीचा, डॉक्टर ओळखीचे. बाहेरच्या टेबलाशी मात्र एक नवी मुलगी बसली होती. तिने नाव विचारले, वय विचारले, काय होतेय तेही विचारले. वडील म्हणाले, 'ॲसिडिटी आहे. आणि जबडा जरा ठणकतोय.' तिने ते वहीत लिहिले आणि एकोणीस नंबरचा बिल्ला त्यांच्या हातात ठेवला. आत तेव्हा सहावा पेशंट होता.

पन्नास मिनिटे वडील बाकावर बसून होते. सारखा घाम पुसत होते. शेजारी बसलेल्या बाईंनी 'जरा पंखा वाढव गं' असे सांगितले, तेव्हा त्या मुलीने उठून पंखा वाढवलाही. शेवटी ते बाकावरच कलंडले तेव्हा डॉक्टर आतून धावत आले. पुढचे सारे घाईघाईने झाले आणि बरेचसे नीटही झाले. हृदयविकाराचा झटका होता. वडील वाचले, आज हिंडतात-फिरतात. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला आहे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी येताना त्यांना मधल्या जिन्यात थांबावे लागते.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचा राग त्या मुलीवर निघाला. माझाही निघाला. 'एवढं कळू नये?' हे वाक्य आमच्या घरात आठवडाभर फिरत होते. पुढे दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट दाखवायला गेलो असताना डॉक्टर यायचे होते, बाक रिकामे होते आणि तिनेच विषय काढला. तो प्रसंग घडला तेव्हा तिचा नोकरीचा अकरावा दिवस होता. शिक्षण बारावी कॉमर्स; त्याआधी साडीच्या दुकानात काउंटरवर. दवाखान्यात लागल्यावर तिला शिकवले होते ते इतके : नंबर कसे द्यायचे, नवीन केसपेपरचे किती आणि जुन्याचे किती, कंपन्यांच्या एमआरना कोणत्या वारी बोलवायचे, आणि डॉक्टरांचा चहा बिनसाखरेचा. 'आजोबा छातीत दुखतंय म्हणाले असते तर मी पळत आत गेले असते हो काका,' ती म्हणाली. 'पण ते ॲसिडिटी म्हणाले. आणि जबडा म्हणजे दाताचं असेल असं वाटलं मला.'

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. तिला कसे कळले नाही, हा तो प्रश्न नाही. तिला हे सांगायचे कोणी होते?

कंपाउंडर गेला, खुर्ची राहिली

ज्यांचे बालपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेले त्यांना फॅमिली डॉक्टरांचा कंपाउंडर आठवत असेल. लाकडी जाळीआड उभा राहून तो लाल किंवा पिवळे मिक्स्चर बाटलीत ओतायचा, बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा आणि 'तिखट-तेलकट बंद' हे डॉक्टरांनी सांगितलेले पुन्हा एकदा बजावायचा. तो कोणत्या कॉलेजात शिकला होता, हे कोणी विचारत नसे. डॉक्टरांच्या हाताखाली वीस-पंचवीस वर्षे काढलेला तो माणूस होता. कोणते मूल नुसते रडते आहे आणि कोणते मूल मलूल पडले आहे, हा फरक त्याच्या डोळ्यांना कळत असे. गर्दीतून तो एखाद्याला हाताला धरून सरळ आत नेई आणि बाकीचे मुकाट्याने बसून राहत.

त्या अनुभवाला कायद्यानेही एकदा मान दिला होता. १९४८ चा फार्मसी कायदा आला तेव्हा पहिल्या नोंदवहीत ज्यांची नावे घ्यायची, त्यांत दवाखान्यात किंवा रुग्णालयात किमान पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्यांनाही जागा ठेवली होती. हाताने शिकलेल्या माणसाला कागद देण्याची ही रीत पुढे आपण विसरलो, ते वेगळे.

मिक्स्चरची जागा तयार गोळ्यांच्या पाकिटांनी घेतली आणि कंपाउंडर हळूहळू नाहीसा झाला. त्याची खुर्ची मात्र गेली नाही. त्या खुर्चीवर आता रिसेप्शनिस्ट, असिस्टंट, 'आमची स्टाफ' अशा निरनिराळ्या नावांनी एक मुलगी बसते. पगार गावागावाप्रमाणे वेगळा, पण कापडदुकानातल्या नोकरीपेक्षा फार निराळा नाही. साहजिकच ती तिथे पंचवीस वर्षे राहत नाही. लग्न ठरेपर्यंत, बाळंतपण येईपर्यंत किंवा चौकात नवे मोठे दुकान निघेपर्यंत राहते. पाहून-पाहून शिकण्याची कंपाउंडरची पद्धत वाईट नव्हती, पण तिला वीस वर्षे लागत. आज ती वीस वर्षे कोणाकडेच नाहीत. त्या काळी औषधांची नावे बदलत, काम फारसे बदलत नसे. आता दर दोन-चार वर्षांनी कामच बदलते. म्हणूनच एकदा शिकवून मोकळे होण्याचा मार्गही उरलेला नाही.

टेबलावर येऊन पडलेले कायदे

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या टेबलावर काय-काय येऊन पडले आहे, ते पाहण्यासारखे आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला आणि केसपेपरवरची प्रत्येक ओळ पुरावा झाली. ती ओळ लिहिणारा किंवा फाइल करून ठेवणारा हात अनेकदा या मुलीचा असतो. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले : रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. कायद्याने जबाबदारी दवाखान्याच्या मालकावर टाकली आहे, पण सुई डब्यात टाकते ती मावशी किंवा ही मुलगी.

सोनोग्राफी केंद्रांची गोष्ट तर आणखी कडक. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' फॉर्म भरावा लागतो आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल पाठवावा लागतो. फॉर्ममध्ये एखादी जागा कोरी राहिली तरी तो कायद्याचा भंग धरला जातो. तसे नाही हे सिद्ध करायचे ओझे डॉक्टरांवर. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. मुलींची संख्या ज्या वेगाने घटली होती ते पाहता कायद्याचा हा कडकपणा मला तरी पटतो. पण ज्या फॉर्मवर डॉक्टरांची डिग्री आणि इभ्रत टांगलेली आहे, तो भरणाऱ्या मुलीला त्यातल्या रकान्यांचा अर्थ कोणी तासभर बसून सांगितला आहे का, असे डॉक्टर मंडळींना विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते : आधीची मुलगी जाताना सांगून गेली.

क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ती ऑनलाइन नोंद नीट झाली तरच रुग्णाला पोषण आहाराचे पैसे मिळण्याची वाट मोकळी होते. २०१८ साली दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. नर्सिंग होम असेल तर कॅशलेस विम्याचे काम आले. २०२४ साली विमा नियामकाने कंपन्यांना एका तासात मंजुरी आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय देण्याची मुदत घालून दिली, हे चांगले झाले. पण दवाखान्याकडून गेलेल्या कागदांत एक रिपोर्ट कमी असला की ते घड्याळ सुरूच होत नाही. पेशंटचे नातेवाईक मग टेबलावर हात आपटतात. डॉक्टरांच्या खोलीचे दार त्या वेळी बंद असते.

या साऱ्या नियमांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : दाराशी शिकलेले माणूस बसलेले आहे. मात्र हे शिक्षण स्पष्ट शब्दांत मागितले आहे ते कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी. काम सुरू करताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा, कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, त्यांना कावीळ 'बी' आणि धनुर्वाताच्या लसी द्या, असे त्यात लिहिले आहे. माझ्या पाहण्यातल्या दवाखान्यांत हे प्रशिक्षण म्हणजे वर्षअखेरीला एका वहीवर घेतलेल्या सह्या.

सुई, फ्रीज आणि मोठा आवाज

शिकवायचे तरी काय, असे कोणी विचारील. डॉक्टरकी शिकवायची नाहीच. साध्या, टेबलापुरत्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या मागे कोणाचा तरी जीव आहे.

छातीत, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, त्याबरोबर घाम आणि धाप, हे ऐकले की नंबर नाही; सरळ आत. अचानक तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे बोबडे झाले तर दवाखान्यात बसवूनच ठेवायचे नाही, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवायची घाई करायची. कारण मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यांतला एक तास आपल्या बाकावर जाता कामा नये. हे शिकायला किती वेळ लागेल? दोन दुपारी. पण सहा महिन्यांनी ते पुन्हा आठवून द्यावे लागेल, कारण रोज येणारी सर्दी-खोकल्याची गर्दी असले ज्ञान पुसून टाकते.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. टोचली तर बोट तोंडात घालायचे नाही, पिळायचे नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि लगेच डॉक्टरांना सांगायचे. एचआयव्हीची बाधा टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. मला एक मावशी भेटल्या. सुई टोचल्याचे त्यांनी चार दिवस कोणालाच सांगितले नव्हते. का, तर 'निष्काळजीपणा केला म्हणून डॉक्टर रागावतील'. सुदैवाने पुढे काही झाले नाही. आजाराइतकीच ही भीतीही उतरवावी लागते, आणि ती छापील पत्रकाने उतरत नाही.

मग दवाखान्यातला फ्रीज. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, हे पुष्कळांना माहीत असते. पण जास्त गार म्हणजे जास्त चांगले, अशी आपल्या घरची समजूत. त्रिगुणी लस किंवा कावीळ 'बी'ची लस गोठली की निकामी होते, आणि बाटलीकडे नुसते पाहून ते कळेलच असे नाही. फ्रीजच्या दारात ठेवले तर दर वेळी पाण्याची बाटली काढताना तिला गरम वारा लागतो. बाळाला टोचलेली लस ही लस होती की नुसते पाणी, हे त्या मुलीच्या हाती असते, आणि तिला ते ठाऊकही नसते.

आणि आवाज. लहान गावात याइतके महत्त्वाचे दुसरे काही नसेल. 'अहो, तुमच्या टीबीच्या गोळ्या किती दिवसांच्या राहिल्या?' असे टेबलावरून मोठ्याने विचारले, की बाकावर बसलेली आठ माणसे संध्याकाळपर्यंत ते आठ घरांत पोचवतात. एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडायला तेवढे पुरते. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त राखण्याचा तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. कायदा दिल्लीत झाला; आवाज खाली आणायला शिकवायचे काम गावातच करावे लागेल.

'शिकवलं की जाते हो'

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांना स्वतःला शिकत राहावेच लागते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. त्यासाठी व्याख्याने, परिषदा होतात आणि त्या अनेकदा चांगल्या हॉटेलांत, जेवणासह होतात. दार उघडून देणाऱ्या मुलीसाठी मात्र अर्धा कप चहाचीही परिषद नाही. हे मी एका डॉक्टर मित्राला जरा खोचकपणेच म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, 'एकीला विम्याच्या कामाचं शिकायला माझ्या खर्चानं पाठवलं होतं. चौथ्या महिन्यात मोठ्या हॉस्पिटलनं उचलली. शिकवलं की जाते. आता सांग, दुसरीला कशाला पाठवू?'

हे उत्तर चुकीचे नाही. एकट्या डॉक्टरच्या हिशेबात ते बरोबरच आहे. शिकवण्याचा खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा, असे असेल तर कोणीच शिकवणार नाही. बाँड लिहून घेणे हा काही उपाय नव्हे. इतक्या कमी पगारावर कोणाला बांधून ठेवणे शोभणारेही नाही. पण हाच हिशेब एका गावाच्या पातळीवर मांडून पाहा. समजा, तालुक्याच्या गावात वीस दवाखाने आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला २०० रुपये काढले. चार हजार रुपये झाले. तेवढ्यात एखाद्या निवृत्त सिस्टरबाईंचे मानधन आणि चहा निघतो. जागा लागली तर पुष्कळ गावांत मेडिकल असोसिएशनचा स्वतःचा हॉल असतो आणि तो दुपारी रिकामाच असतो. पंधरा दिवसांतून एकदा दीड तास. मग या दवाखान्यातली मुलगी त्या दवाखान्यात गेली तरी ज्ञान गावातच राहते. एकाने गमावले ते शेजाऱ्याला मिळते आणि शेजाऱ्याने गमावलेले पुढच्या वर्षी याला मिळते. मोठे हॉस्पिटल सगळ्यांकडून माणसे उचलते म्हणता? मग त्याने वर्गणी सगळ्यांत जास्त द्यावी.

मात्र यात एक मेख आहे आणि ती पुरुष मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. दवाखाने साधारण सकाळी आणि संध्याकाळी चालतात. मधली दुपार बंद. त्या दुपारी ही मुलगी मोकळी असते, असे डॉक्टरांना वाटते. ती घरी जाऊन पाणी भरते, मुलाला शाळेतून आणते, भाकऱ्या थापते. रविवारचा वर्ग ठेवला तर आठवड्यातला एकमेव दिवस जातो. रिक्षाचे भाडे वेगळेच. म्हणजे फुकट ठेवलेला वर्गही तिला महाग पडतो. स्वस्त शिक्षण म्हणजे फीमध्ये सवलत, हा आपला समज इथे उपयोगाचा नाही. तिच्यासाठी स्वस्त शिक्षण ते, जे कामाच्या वेळात आणि पगार चालू असताना मिळते. पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळचा दवाखाना तासभर उशिरा उघडला तर आपण पेशंट मंडळींनीही कुरकुर करू नये.

पेपरात जाहिराती येतात त्या वर्गांची फी अनेकदा तिच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी असते. सरकारकडे पाहावे तर २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवांच्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत चक्क 'मेडिकल सेक्रेटरी'चेही नाव आहे. वाचून आनंद झाला. पुढे वाचले तर पात्रता अशी : किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांचे शिक्षण. मोठ्या रुग्णालयांसाठी ते योग्यच असेल. पण दोन हजार तास आणि अकरा दिवस यांच्यामध्ये काहीतरी असायला नको का? अमेरिकेत डॉक्टरांच्या सहायकांना प्रमाणपत्र देणारी जी मोठी संघटना आहे, तिचे प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवे करावे लागते : पुन्हा परीक्षा द्या किंवा शिकून ६० गुण जमवा. तिकडचे सगळे इकडे आणावे असे नाही. पण दवाखान्यातल्या सहायकानेही शिकत राहायचे असते, हे कोणीतरी गृहीत धरले आहे, एवढेच सांगायचे.

जामखेडच्या बायका

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणण्याआधी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले. गावोगावच्या बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. एकदा शिबिर घेऊन, प्रमाणपत्र वाटून ते थांबले नाहीत. या बायका पुन:पुन्हा जामखेडला येत, आपल्या गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून शिकत आणि नवे काहीतरी घेऊन परत जात. त्यांचे खरे शिक्षण या येण्या-जाण्यात झाले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी आणि जंतुसंसर्गावरचा उपचार शिकवला. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली मांडले.

अक्षरओळख नसलेली बाई तापलेले बाळ ओळखायला शिकते, तर बारावी झालेली मुलगी घामाघूम झालेला म्हातारा ओळखायला शिकणार नाही? आणि तसे पाहिले तर करोनाच्या साथीत ती शिकलीच. बोटाला ऑक्सिमीटर लावायचे, आकडा ९४ च्या खाली गेला की आत सांगायचे, पेशंटना अंतरावर बसवायचे, मास्क कसा काढायचा, हे सगळे २०२० च्या उन्हाळ्यात दवाखान्यादवाखान्यांतल्या मुली पंधरा दिवसांत शिकल्या. तेव्हा डॉक्टरांना स्वतःच्या जिवाची भीती होती, म्हणून त्यांनी वेळ काढून शिकवले. हे वाक्य कडू वाटेल, पण डॉक्टर मित्रानेच मला ते ऐकवले आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. अर्धवट शिकलेला कंपाउंडर पुढे पाटी लावून स्वतःच डॉक्टर होऊन बसतो, हे आपण खेड्यापाड्यांत पाहिले आहे. शिकवण्याने बोगस डॉक्टर वाढतील, अशी भीती डॉक्टरांना वाटते आणि ती निव्वळ स्वार्थाची नाही. परंतु तो कंपाउंडर काय शिकला होता? कोणत्या तापाला कोणते इंजेक्शन, हे तो पाहून-पाहून शिकला. आपण कुठे थांबायचे, हे त्याला कोणी शिकवलेच नाही. ओळखणे आणि सांगणे इथपर्यंत आपली हद्द, देणे आणि टोचणे ही डॉक्टरांची, ही रेघ नीट शिकवलेल्या माणसालाच दिसते.

शिकून झाल्यावर काय, हाही प्रश्न आहेच. प्रमाणपत्र तिच्या नावाचे असावे, दवाखान्याच्या कपाटात न राहता तिच्या घरी असावे. आणि दोन वर्षे वर्गाला आलेल्या मुलीचा पगार कालच लागलेल्या मुलीएवढाच राहिला, तर तिसऱ्या वर्षी ती वर्गात दिसणार नाही. साडीच्या दुकानात दिसेल. पेशंटनेही हे लक्षात घ्यायला हवे. तपासणीची फी वाढली की आपण नाक मुरडतो. त्या वाढीतले दहा रुपये बाहेरच्या टेबलापर्यंत पोचतात का, हे मात्र विचारत नाही.

गेल्या महिन्यात वडिलांच्या गोळ्या लिहून घ्यायला त्याच दवाखान्यात गेलो होतो. तीच मुलगी अजून आहे. टेबलावर काचेखाली एक पुठ्ठा ठेवलेला दिसला. स्केचपेनने लिहिलेले, एक-दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले : 'छातीत, हातात, जबड्यात दुखत असेल, घाम येत असेल, दम लागत असेल तर नंबरची वाट पाहू नका. मला सांगा.' विचारले, 'डॉक्टरांनी लावायला सांगितलं का?' तर नाही म्हणाली. तिची मावसबहीण शेजारच्या गावात आशाताई आहे. तिला सरकारी प्रशिक्षणात पुस्तके मिळतात. तिच्याकडून विचारून-विचारून हिने हे लिहून काढले होते आणि पुठ्ठा दोन आठवडे टेबलावर होता तेव्हा कुठे डॉक्टरांचे लक्ष गेले.

'मग काय म्हणाले डॉक्टर?'

'म्हणाले, बरं केलंस.' ती बिल्ले नंबरवार लावत होती. 'काका, ते लकव्याचं काय असतं हो? ताईच्या पुढच्या ट्रेनिंगला अजून वेळ आहे.'